बाटलीवर टीएचसी किती, ते छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवार पेठेत आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी बी. फार्म. होऊन या घरात आले, तेव्हापासून काउंटरवर बहुतेक वेळ मीच असते. अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो आणि तो विचारताना माणसं आवाज खाली आणतात. "ताई, ते गांजाचं तेल नसांच्या दुखण्यावर खरंच चालतं का हो?" विचारणारी मंडळी म्हणजे निवृत्त शिक्षक, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका. हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर जाहिरात. मागे चारजण चिठ्ठ्या घेऊन उभे असताना या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राचा आधार घेते आहे. पत्र लांबलं आहे. कापावं लागलं तर त्यातला इतिहास कापा, मात्रेविषयी लिहिलंय ते कृपया ठेवा.

आधी दुखणं कुठलं, ते सांगते. बोट कापलं, दाढ ठणकली, गुडघा सुजला, तर तिथली नस आपलं काम चोख करत असते. इजा झाली आहे एवढा निरोप ती वर पोचवते. नसांच्या दुखण्यात इजा नसेलाच झालेली असते. माझ्या मोठ्या दिरांना डाव्या बरगड्यांवर नागीण आली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी दिसायला बरी झाली, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. सदऱ्याचं कापड नुसतं लागलं तरी आग व्हायची. उन्हाळ्यात पंखा लावू द्यायचे नाहीत, कारण वारा अंगावर आला की कळ उठायची. आमच्या भागात ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आहेत. कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेल घेतल्यानंतर त्यांच्या बोटांच्या टोकांना सतत मुंग्या आणि जळजळ. सुईत दोरा ओवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, तेच होईना. मधुमेहात तळपायांची आग होणारे तर रोजचेच. रात्री फरशीवर ओलं फडकं टाकून त्यावर पाय ठेवून बसतात. हे लोक पॅरासिटामॉल घेतात, डायक्लोफिनॅक मागतात, बाम चोळतात आणि परत येतात. ती औषधं वाईट नाहीत, पण त्यांचं काम सुजेवर आणि दाहावर. इथे बिघाड दुसरीकडे आहे.

तो बिघाड समजला की गांजातली द्रव्यं त्यात नेमकी कुठे हात घालतात तेही समजतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

नसेतल्या तंतूच्या आवरणात सोडियम आत घेणाऱ्या वाहिन्या असतात. तंतूला इजा झाली की या वाहिन्या जखमेच्या आसपास आणि मणक्याशेजारी असलेल्या नसेच्या गाठीत वाजवीपेक्षा जास्त जमतात. मग बाहेर काहीही घडलेलं नसताना तंतू आपोआप निरोप सोडत राहतो. हे निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचतात. तिथे तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरलं की ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायनं बाहेर पडतात आणि पुढच्या पेशीला जागी करतात. हे रात्रंदिवस चाललं की पुढची पेशी इतकी हळवी होते की साध्या स्पर्शाचा निरोपही ती वेदना म्हणून मेंदूकडे धाडते. दिरांना सदरा का सोसवत नव्हता, याचं उत्तर हे आहे. ते नाटक करत नव्हते आणि त्यांचं मनही कमकुवत नव्हतं. घरातल्या काही मंडळींना हे पटवायला मला बराच वेळ लागला. भरीला मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या रक्षक पेशी चेकाळतात आणि दाह वाढवणारी द्रव्यं सोडून आगीत तेल ओततात.

या सगळ्याला आवर घालण्याची सोय शरीरात मुळातच आहे. ती आपल्याला कळली मात्र फार उशिरा, आणि कळली ती गांजाच्या अभ्यासातून. इस्रायलमधले रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये गांजातलं नशा आणणारं द्रव्य, म्हणजे टीएचसी, शुद्ध रूपात वेगळं काढून त्याची रचना मांडली. ते शरीरात नेमकं कशावर बसतं, हे कळायला १९९० उजाडलं. तेव्हा सीबी-१ हा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची द्रव्य बसायची जागा, नेमका ओळखला गेला आणि १९९३ मध्ये सीबी-२. आता रिसेप्टर शरीरात आहे म्हणजे त्यावर बसणारं काहीतरी शरीर स्वतःच बनवत असणार. तसं ते निघालंही. १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत अ‍ॅनंडामाइड आणि १९९५ मध्ये २-एजी. दोन्ही द्रव्यं पेशीच्या आवरणातल्या स्निग्धांशापासून, लागतील तेव्हा, लागतील तिथेच तयार होतात.

ती करतात काय? नेहमीचा निरोप पहिल्या पेशीकडून दुसरीकडे जातो. इथे उलट घडतं. सोसायटीत वरची टाकी भरून वाहायला लागली की गच्चीवरून कुणीतरी खाली हाक मारतं, "मोटर बंद करा!" तसंच निरोपांनी भंडावलेली दुसरी पेशी २-एजी सोडते, ते उलट्या दिशेनं पहिल्या तंतूच्या टोकाशी जातं आणि तिथल्या सीबी-१ वर बसतं. त्याबरोबर त्या टोकाची कॅल्शियमची दारं मिटतात, ग्लुटामेट कमी सांडतं, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडून पेशी शांत होते. काम झालं की एमएजीएल आणि एफएएएच ही विकरं (एन्झाइम) त्या द्रव्यांचं लगेच विघटन करतात. हाक दिली, मोटर थांबली, विषय संपला. मज्जातंतूंमधला हा उलटा निरोप प्रयोगांनी स्पष्टपणे दाखवला गेला तो २००१ मध्ये, म्हणजे मी कॉलेजातून बाहेर पडल्यावर. आम्हाला हे शिकवलंच गेलं नव्हतं. माझ्या वयाच्या बऱ्याच डॉक्टरांचंही तेच असणार.

टीएचसी याच सीबी-१ वर जाऊन बसतं. म्हणून ते नसांचं दुखणं उतरवू शकतं. हे खोटं नाही आणि नुसती गुंगीही नाही. सीबी-१ कातडीतल्या नसांच्या टोकांवर आहे, मज्जारज्जूत आहे, आणि मेंदूच्या तळाशी जिथून वेदना दाबणारे निरोप खाली येतात तिथेही आहे. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी २००७ मध्ये उंदरांच्या फक्त वेदनावाहक नसांमधला सीबी-१ काढून टाकला, मेंदूतला तसाच ठेवला. तेव्हा या द्रव्यांचा वेदनाशामक परिणाम बराच घटला. म्हणजे आराम फक्त डोक्यात मिळतो असं नाही, नसेतही मिळतो. मायक्रोग्लियासारख्या पेशींवर सीबी-२ असतो. तो जागा झाला की त्यांचा चेकाळलेपणा कमी होतो, आणि त्यातून नशाही येत नाही. या वाटेनं औषध शोधणं चालू आहे, दुकानाच्या फळीवर अजून काही आलेलं नाही.

आणखी एक प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो गिऱ्हाइकांच्या बोलण्याशी जुळतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांच्या पायावर मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम लावलं, त्यांना टीएचसी दिलं आणि मेंदूचे एमआरआय काढले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आग किती होते, हा आकडा फारसा उतरला नाही. पण ती आग सोसवत नाही ही भावना उतरली, आणि तीही सगळ्यांची सारखी नाही. भांग घेऊन पाहिलेले एक आजोबा मला हेच म्हणाले होते: "दुखतं तेवढंच, पण माझ्या मागे लागत नाही." दुखणं मागे न लागणं ही वेदना सोसणाऱ्यासाठी लहान गोष्ट नव्हे. झोप लागते, माणूस घरच्यांशी दोन शब्द बोलतो.

आता दुसरी बाजू, आणि ती सुद्धा त्याच शरीररचनेतून येते. शरीराची स्वतःची हाक क्षणभराची आणि नेमक्या जागी असते. टीएचसी तासन्‌तास टिकतं आणि जिथे जिथे सीबी-१ आहे तिथे सगळीकडे पोचतं. स्मरणशक्तीच्या भागात सीबी-१ दाट आहे, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत दाट आहे. म्हणून विसरभोळेपणा, चक्कर, पाय लटपटणं. नाडी जलद होते. सत्तरीच्या माणसाला रात्री बाथरूमला जाताना तोल गेला आणि खुबा मोडला, तर नसांच्या आगीपेक्षा मोठं संकट घरात येतं. श्वसन चालवणाऱ्या मेंदूच्या भागात मात्र हे रिसेप्टर विरळ आहेत. त्यामुळे मॉर्फिनसारखा श्वासच थांबण्याचा धोका टीएचसीच्या बाबतीत तसा नाही. ही मोठी जमेची बाजू आहे आणि ती मोकळेपणानं सांगायला हवी.

जाहिरातीतलं तेल बहुधा "सीबीडी"च्या नावानं येतं. सीबीडी हे गांजातलंच दुसरं द्रव्य. ते नशा आणत नाही, कारण ते सीबी-१ वर नीट बसतच नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते दुसऱ्या काही वाटांनी वेदना कमी करताना दिसलं आहे. माणसाच्या नसांच्या दुखण्यावर नुसतं सीबीडी काम करतं याचा पुरावा मात्र तोकडा आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचं औषध मंजूर झालं ते लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, आणि त्याची मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला १० ते २० मिलिग्रॅमपर्यंत जाते. जिभेखाली चार थेंब टाकून साठ किलोच्या माणसाला यातलं किती मिळतं, याचा हिशेब प्रत्येकानं करून पाहावा.

मग माणसांवर झालेल्या चाचण्या काय म्हणतात? सॅन फ्रान्सिस्कोत एचआयव्हीमुळे पायांच्या नसा दुखणाऱ्या ५० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. गांजा ओढलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त उतरलं. द्रव्य काढून टाकलेला गांजा ओढणाऱ्यांत हेच प्रमाण २४ टक्के होतं. जाहिरातवाले असेच आकडे दाखवतात. पण २०१८ मध्ये कोक्रेन या संस्थेनं अशा १६ चाचण्या, १७५० रुग्ण, एकत्र तपासले. दुखणं निम्म्यावर आलं अशांचं प्रमाण ही द्रव्यं घेणाऱ्यांत २१ टक्के, नकली औषध (प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं) घेणाऱ्यांत १७ टक्के. चक्कर, गुंगी असे मज्जासंस्थेचे त्रास ६१ टक्क्यांना, नकली औषधावर २९ टक्क्यांना. मानसिक त्रास १७ टक्के विरुद्ध ५ टक्के. औषध सोडून देणारे दुप्पट. त्या आढाव्याच्याच हिशेबानं, एका माणसाला निम्म्यानं आराम पडण्यासाठी सुमारे वीसजणांना औषध द्यावं लागतं. तुलनेसाठी, नसांच्या दुखण्यावर आज लिहून दिली जाणारी औषधं घ्या. २०१५ मध्ये झालेल्या मोठ्या आढाव्यात अमिट्रिप्टिलिनच्या गटासाठी हा आकडा साडेतीनच्या आसपास आणि प्रीगाबालिनसाठी आठच्या आत होता. अमिट्रिप्टिलिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या आमच्याकडे अगदी स्वस्त मिळतात. ती "डिप्रेशनची गोळी" म्हणून लोक घरी नेऊन घेत नाहीत आणि हजारो रुपयांचं तेल मागवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दिरांना शेवटी आराम पडला तो रात्रीच्या अमिट्रिप्टिलिननं आणि कातडी बधिर करणाऱ्या लिग्नोकेनच्या पट्टीनं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसपी हिनं २०२१ मध्ये भूमिका जाहीर केली की आजच्या पुराव्यावर या द्रव्यांचा वेदनेसाठी सर्रास वापर आम्ही पुरस्कारणार नाही, संशोधन मात्र वाढायला हवं. मला ही भूमिका बरोबर वाटते. पण तिचा अर्थ "दार बंद" असा घेणाऱ्यांशी मी सहमत नाही. सरासरीत चार टक्क्यांचा फरक दिसतो, तेव्हा त्या सरासरीत काहीच न मिळालेले अनेक आणि बरंच मिळालेले थोडे, दोघेही असतात. अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, सगळं करून थकलेला माणूस त्या थोड्यांपैकी असू शकतो. त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून, एकदा प्रयत्न करण्याचा हक्क असायला हवा. टीएचसी आणि सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेला नॅबिक्सिमॉल्सचा तोंडात मारायचा फवारा कॅनडानं २००५ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या नसांच्या दुखण्यासाठी सशर्त मंजूर केला. त्याच्या एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी असतं. दशांशापर्यंत ठरलेलं. औषध म्हणतात ते याला.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. या द्रव्यांच्या बाबतीत मात्रा हेच सर्वस्व आहे. सॅन दिएगोत २००७ मध्ये निरोगी लोकांच्या कातडीत कॅप्सेसिन टोचून तीन वेगवेगळ्या ताकदींचा गांजा दिला गेला. सौम्य मात्रेनं काही झालं नाही, मधल्या मात्रेनं दुखणं कमी झालं आणि जास्त मात्रेनं दुखणं वाढलं. वाढलं! "आराम पडत नाही, तर अजून थोडं घे" हा आपल्याकडचा सार्वत्रिक सल्ला इथे उलटा पडतो. शिवाय पोटातून घेतलेलं टीएचसी हळू चढतं. एक ते तीन तास लागतात, आणि यकृतातून जाताना त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं. होळीला भांग प्यायलेल्यांची हीच गत होते. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून दुसरा पेला, आणि मग दोन्ही पेले एकदमच चढतात. रिकाम्या पोटी घेतलं की तुपाच्या जेवणाबरोबर घेतलं, यानंही फरक पडतो. अमेरिकेत मंजूर झालेलं ते सीबीडीचं औषध स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर सुमारे चौपट शोषलं जातं. म्हणजे बाटलीतले थेंब तेच, घेणारा तोच, पण सोमवारच्या उपासाला एक परिणाम आणि रविवारच्या जेवणानंतर दुसरा.

ही अडचण नवी नाही. इंग्लंडमधले नामवंत वैद्य जे. रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० च्या 'लॅन्सेट'मध्ये नसांच्या कळांवर हिंदुस्थानी गांजाचा अर्क आपल्याला कसा उपयोगी पडला ते लिहिलं. त्यांची पद्धत अशी की अगदी कमी थेंबांपासून सुरुवात करायची, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तास ठेवायचे, आणि दर तीन-चार दिवसांनी एकच थेंब वाढवायचा. आराम पडेपर्यंत किंवा उपयोग नाही हे कळेपर्यंत. त्याआधी १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. ओ'शॉनेसी यांनी इथल्या वैद्य-हकिमांचं पाहून, हेच औषध आधी जनावरांवर करून मगच रुग्णांना दिलं होतं. त्या काळी टीएचसी हे नावही नव्हतं, मोजणार कसं? एका खेपेचा अर्क निरुपयोगी, दुसऱ्या खेपेचा माणसाला आडवा करणारा. पुढे हे औषध पाश्चात्त्य वैद्यकातून मागे पडलं त्यातलं एक मोठं कारण हेच होतं. १८९० मध्ये ते क्षम्य होतं. आज नाही.

मध्यंतरी एक गृहस्थ अशीच बाटली घेऊन माझ्याकडे आले. लेबलवर "विजया अर्क" (विजया हे भांगेचंच आयुर्वेदातलं नाव) आणि मिलिग्रॅमचा एक मोठा आकडा. त्यातलं टीएचसी किती, सीबीडी किती, एका थेंबात किती, कुठेही नाही. हे गृहस्थ हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. सीबीडी यकृतातल्या ज्या विकरांना अडवतं, त्यांच्यावर बऱ्याच औषधांचं विघटन अवलंबून असतं, आणि वॉरफरिनची पातळी चढून रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यांना मोबाइलवर दहा मिनिटांच्या बोलण्यात तेल लिहून दिलं गेलं होतं. इतर औषधं कुणी विचारली नव्हती, आणि यांनी आपणहून सांगितली नव्हती, कारण "आयुर्वेदिक आहे, त्याचा काय संबंध" असं त्यांना वाटलं. मी त्यांना तेल थांबवून आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी, करून यायला सांगितलं. सगळ्याच कंपन्या असं करतात असं माझं म्हणणं नाही. पण माझ्यासमोर आलेल्या बाटलीवरून मी, औषधशास्त्र शिकलेली बाई, त्या माणसाला एका थेंबातली मात्रा सांगू शकले नाही. मग त्यानं ती घरी कशी ठरवायची?

छापलेल्या आकड्यावर तरी किती विसंबायचं? अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लेबलशी जुळणारी २६ निघाली. ३६ मध्ये लिहिल्यापेक्षा जास्त सीबीडी होतं, २२ मध्ये कमी. आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं. असं तेल घेऊन कुणी स्वारगेटहून कात्रजला दुचाकीवर निघाला, तर आपण नशेचं द्रव्य घेतलं आहे हे त्याला ठाऊकही नसेल.

कायद्याचा बाऊ उगाच केला जातो, म्हणून तेही लिहिते. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात चरस आणि गांजा, म्हणजे झाडाचा चीक आणि फुलोरा, यांना बंदी आहे. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत, आणि विजयाची आयुर्वेदिक औषधं त्या वाटेनं बनतात. त्याच कायद्याच्या आठव्या कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांसाठी वाट ठेवलेली आहे. औषध नियमांच्या 'ई-१' परिशिष्टात भांग ही विषारी द्रव्यांत गणली आहे आणि अशी औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, असा इशारा लेबलवर हवा. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारतानं बाजूनं मत दिलं. जम्मूच्या सीएसआयआर (केंद्र सरकारची विज्ञान संशोधन परिषद) संस्थेत या वनस्पतीपासून नसांच्या दुखण्यावर आणि कर्करोगाच्या वेदनांवर औषध काढण्याचं काम चालू आहे. म्हणजे दार किलकिलं झालेलं आहे. तरुण मुलांनी कोपऱ्यावर मिळणारा गांजा ओढावा, असं यातून कुणी काढू नये. कोवळ्या वयात टीएचसीनं मानसिक आजाराचा धोका वाढतो, आणि त्या पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

माझ्या मागण्या अशा आहेत. अन्न व औषध प्रशासनानं विजयाच्या प्रत्येक बाटलीवर टीएचसी आणि सीबीडी यांची मिलिग्रॅममध्ये वेगवेगळी मात्रा, दर मिलिलिटरला आणि दर थेंबाला, मराठीत छापणं बंधनकारक करावं. खेपेगणिक तपासणीचा दाखला मागावा. पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तीही सीएसआयआरचीच. टीएचसी मोजणं तिथल्या शास्त्रज्ञांना मुळीच अवघड नाही. पुण्यात पेन क्लिनिक आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, मधुमेहाचे रुग्ण तर घरोघरी आहेत. नागिणीनंतरच्या आणि मधुमेहातल्या नसांच्या दुखण्यावर मोजलेल्या मात्रेची चाचणी इथेच व्हायला काय हरकत आहे? आपल्या लोकांचं जेवण, वजन, सोबतची औषधं वेगळी आहेत. कॅनडाचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही.

डॉक्टरांना विनंती अशी की नसांच्या दुखण्याचा रुग्ण समोर बसला की "भांग, गांजा, सीबीडी असं काही घेता का?" हे "बीपीची गोळी घेता का?" इतक्याच सहजपणे विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि तुम्ही त्याच्या चक्करचं कारण प्रीगाबालिनमध्ये शोधत बसाल. दोन्ही एकत्र घेतली की गुंगी वाढते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि वाचकांसाठी: तेल घेत असाल तर डॉक्टरकडे आणि औषधाच्या दुकानात जाताना बाटली सोबत न्या. वॉरफरिन, झटक्यांच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय पहिला थेंबही घेऊ नका. घेऊन त्रास झालाच, तर लाजून गप्प बसू नका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला भारत सरकारचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे, आयुष औषधांसाठीही अशीच स्वतंत्र व्यवस्था आहे. नोंद रुग्ण स्वतः करू शकतो. फोन लावता येत नसेल तर आपल्या नेहमीच्या औषधवाल्याला सांगा. आमच्या दुकानात आलात तर फॉर्म मी भरून देईन.

आपली,
एक औषधविक्रेती
शुक्रवार पेठ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)